आमरीला उजेड किती हवा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमरी, म्हणजे ऑर्किड, आपल्याला काही परकी नाही. पावसाच्या तोंडाशी झाडांवरून जांभळट-पांढरे घोस लोंबतात, ती सीतेची वेणी आमरीच. आसामात तर तिला राज्यपुष्पाचा मान आहे. पुष्कळजणी तिला बांडगूळ समजतात. पण बांडगूळ झाडाचा रस शोषते, ही नुसती फांदीला धरून राहते. आपले अन्न ती उजेडावर आपणच करते.

हल्ली आपण घरखर्चातून वाचवलेले पैसे मोजून रोपवाटिकेतली फुललेली कुंडी आणतो. फुले गळली की वर्षे जातात, नवा दांडा काही येत नाही. मग कोणी खत बदलते, कोणी पाणी वाढवते आणि मुळे कुजवते. उजेडाचा संशय कोणालाच येत नाही, कारण डोळ्यांना तो पुरेसा वाटतो. अंधारात आपल्या डोळ्यांतली बाहुली मोठी होते, म्हणून माजघरही उजळ भासते. झाडाला ती सोय नाही.

उजेड मोजण्याचे माप म्हणजे लक्स. भर दुपारच्या उन्हात तो सुमारे १ लाख भरतो. बाजारात रुंद पानांची, फुलपाखरासारख्या फुलांची फॅलेनॉप्सिस मिळते, तिला १० ते १५ हजार लागतो. माजघरात शे-दोनशे भरला तरी पुष्कळ! मोबाइलवर तो मोजता येतो; आकडा थोडा मागेपुढे होईल, पण अंदाज कळतो. खिडकीपासून दोन हात आत सरकून पाहा, आकडा कसा धाडकन उतरतो ते.

मोबाइल नसला तरी अडत नाही. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंच पंजा धरा. बोटांची सावली कापून काढल्यासारखी स्वच्छ पडली, तर पाने करपतील. बोटे ओळखू येतात पण कडा पुसट, ही जागा फॅलेनॉप्सिसची. सावलीच दिसत नसेल तर तिथे फुलाची आशा धरू नये. पानेही सांगतात. गर्द हिरवी पाने पाहून आपण सुखावतो, पण आमरीत तो उजेड कमी पडल्याचा रंग. पोपटी छटा बरी.

हे एकदा मोजून भागत नाही. मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा दक्षिणेच्या पडवीत ऊन आत येते. आषाढात ते येत नाही, वर आपल्या रत्नागिरीचे ढग! तेव्हा कुंडी पडवीच्या कडेला आणावी, मात्र पागोळ्यांखाली नको. छपरात एखादे काचेचे कौल असेल, तर त्याखालची जागाही मोजून पाहावी.

सीतेची वेणी मात्र रानातून ओरबाडून घरात आणू नका. तिला याहून जास्त उजेड आणि मोकळा वारा लागतो. वादळात फांदीसकट आपल्याच परड्यात पडली, तर काथ्याने आंब्याच्या खोडाला बांधा. मुळे धरली की काथ्या सोडा.