लहान रूळ आणि मोठा रूळ

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांतील सायंसभेंत केलेलें भाषण)



आगगाडीविषयीं चार शब्द बोलावे अशी समितीची आज्ञा झाली व ती मीं आनंदानें शिरसावंद्य मानली. समोर पहिल्या रांगेंत बसलेल्या कित्येकांचें आयुष्य इंजिनाच्या पायरीवर नाहीं तर गार्डाच्या डब्यांत गेलें आहे. त्यांच्यापुढें खेळण्यांतल्या गाड्या करणारानें बोलणें हें धारिष्ट खरें. परंतु गाडीवर राबणारास ती दुरून न्याहाळण्याची सवड क्वचितच मिळते. मला ती चाळीस वर्षें मिळाली, एवढाच माझा अधिकार.

नागपुरास आगगाडी आली १८६७ सालीं. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुटली, त्यानंतर चौदा वर्षांनीं. तोंपर्यंत आपल्या प्रांताचें वाहन म्हणजे बैल. वर्ध्याकडील गवळाऊ जातीचे पांढरेशुभ्र, सडपातळ बैल रेंगीस जुंपले म्हणजे ते दुडक्या चालीनें असे धांवत कीं टांग्याच्या घोड्यानें मान खालीं घालावी. रेंगी ही दोघे कसेबसे बसतील एवढी हलकी गाडी. बायकामुलांस छपराची दमणी, मालास खाचर. लमाणांचे तांडे धान्य व मीठ बैलांच्या पाठीवर लादून डोंगर ओलांडीत. माझ्या आजोळीं परसांत रेंगीचें एक जुनें चाक भिंतीस टेकलेलें असे. त्याचे आरे मोजतां मोजतां मी आंकडे शिकलों. लांकडी चाक इतकें हलकें आणि इतकें टिकाऊ करणारा सुतार कोणत्याही कारखान्यांतील इंजिनिअराहून मला कमी वाटत नाहीं.

आतां एक विसरलेली हकिगत सांगतों, कारण आमच्या धंद्यांतील लोकांसही ती बहुधा ठाऊक नसते. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध माजलें आणि तिकडील कापूस विलायतेस जाईनासा झाला. मग हिंगणघाट व वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. हा कापूस समुद्रापर्यंत न्यावा कसा? सर आर्थर कॉटन नांवाचे एक इंजिनिअर होते. गोदावरीवर धवळेश्वरमचा मोठा बांध त्यांनींच घातलेला. योगायोग पाहा, या साहेबांच्या आडनांवाचा अर्थच कापूस! त्यांचें मत असें कीं, हिंदुस्थानास रुळांपेक्षां पाण्याची वाट स्वस्त पडेल. नावा वर्धा नदींतून प्राणहितेंत, प्राणहितेंतून गोदावरींत आणि तेथून थेट पूर्व समुद्रापर्यंत जाव्या, असा बेत ठरला. वाटेंत खडकाळ धबधब्यांचे तीन अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमपाशीं, तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ. त्यांना वळसा घालून कालवे खणावयाचे आणि दारें असलेल्या पाण्याच्या हौदांतून नाव पायरीपायरीनें वर चढवावयाची, अशी युक्ति. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखालीं वर्षानुवर्षें काम चाललें व पैसा पाण्यासारखा ओतला गेला. येथें तर तो खरोखरच पाण्यांत गेला. नदीस नावेजोगें पाणी वर्षांतून थोडे महिनेच, आणि मध्यंतरीं आगगाडी नागपुरास येऊन ठेपली. १८७१ सालीं तें काम सोडून देण्यांत आलें. दुम्मागुडेमचा बांध आजही उभा आहे. कॉटनसाहेबांनीं मात्र हार मानली नाहीं. १८७८ सालीं विलायतेंत पार्लमेंटच्या समितीपुढें त्यांनीं पुन्हा कालव्यांचीच बाजू मांडली. मला विचाराल तर साहेब हिशेबांत नव्हे, आपल्या नद्यांचा स्वभाव ओळखण्यांत चुकले. माझ्या घरच्या मांडणींत मीं हातभर लांबीचा एक कालवा व दाराचा एक हौद केला आहे. गाडी पाहावयास आलेलीं मुलें गाडी सोडून त्या हौदाशींच खेळत बसतात, हें पाहून कॉटनसाहेबांस समाधान वाटलें असतें.

रुळांनीं पाण्याचा पराभव केला, पण पुढें रुळांरुळांतच भांडण लागलें. मोठ्या रुळाची रुंदी साडेपांच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. १८८० सालीं नागपूरहून तुमसरकडे सरकारी गाडी निघाली, ती मीटर रुंदीची. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनें ती ताब्यांत घेऊन मोठ्या रुळाची केली. आणि त्याच कंपनीनें सातपुड्यांत व नागभीडकडे अडीच फूट रुंदीची, ७६२ मिलिमीटरची, आपली ‘छोटी लाइन’ टाकली. नागभीडची १९०८ सालीं, छिंदवाड्याची १९१३ सालीं. पश्चिमेस मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे शकुंतला धांवूं लागली. तिला ओढणारें मँचेस्टरचें १९२१ सालचें इंजिन १९९४ पर्यंत खपलें. सत्तर वर्षें राबणारा नोकर माणसांत तरी कोठें मिळतो!

माझे वडील छिंदवाड्याच्या गाडीवर गार्ड होते. इतवारीहून सुटलेली गाडी खापरखेडा, सावनेर, सौंसर करीत भिमालगोंदीच्या घाटाशीं येई, तेव्हां तिचा वेग इतका मंद होई कीं उतारूंनीं खालीं उतरून पाय मोकळे करावे आणि पुन्हा चढावें. सुटीच्या दिवशीं ते मला बरोबर नेत. घरीं आल्यावर मी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे डबे कापी. छंदाची सुरुवात ती.

पुढें कमवूं लागल्यावर परदेशी रूळ विकत आणले आणि एक विचित्र अडचण उभी राहिली. सर्वत्र चालणारें प्रमाण म्हणजे मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग, आणि त्यासाठीं विकत मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. तें माप युरोपच्या गाड्यांचें. आपला मोठा रूळ त्या प्रमाणानें सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतो. म्हणजे डबा आपला नि रूळ परका. गाडी कशी चिमट्यांत धरल्यासारखी दिसते. कांहीं जण शंभरावा भाग करून हा तिढा सोडवितात. तेव्हां माप पावणेसतरा येतें व डोळ्यांस फरक कळत नाहीं. परंतु आपल्या छोट्या लाइनीचा सत्त्याऐंशीवा भाग करा. पावणेनऊ मिलिमीटर! आणि बाजारांत नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. ज्या गाडीस मोठ्या लाइनीवरचे लोक हंसत, तीच तेवढी टेबलावर खरी उतरते. तेव्हांपासून मीं दुसरें कांहीं केलें नाहीं.

पुण्यास कोथरूडमध्यें भाऊसाहेब जोशी यांनीं १९९८ सालीं लहान आगगाड्यांचें संग्रहालय उघडलें, तें आपण अवश्य पाहावें. त्यांनीं कल्पनेंतलें एक गांव वसविलें आहे आणि तें मोठें मोहक आहे. माझा हव्यास निराळा. जें होतें तेंच, जेथें होतें तेथेंच असावें. म्हणून टेप व वही घेऊन मी कित्येक रविवारीं, मिस्सा आटोपल्यावर, छोट्या लाइनीवर भटकलों. फलाटाची लांबी, खिडक्यांची उंची, सिग्नलच्या खांबाचें अंतर मोजून आणलें. बरें झालें. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ अखेर थांबली; आतां तेथें मोठ्या रुळाची गाडी धांवते व प्रवास पुष्कळ सुखाचा झाला आहे, त्याबद्दल तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. नागभीडची २०१९ सालीं बंद झाली. शकुंतलाही थांबली आहे. इंजिनें मोतीबागेच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात; तें २००२ पासून उघडें आहे. पण संग्रहालयांत इंजिन राहतें, स्टेशन राहत नाहीं. लाइन उखडली कीं पाण्याचा नळ, कोळशाचा ओटा, पॉइंटवाल्याची झोपडी, सारें शेतांत मिसळून जातें. मग माप घ्यावयाचें तें माणसांच्या आठवणींतूनच.

याच कामीं आज आपणांस एक विनंति आहे. घाटाच्या पायथ्याचें एक स्टेशन मीं पुरें केलें आहे. बाहेरच्या व्हरांड्यांत तें मांडलें असून चहाच्या वेळीं पाहतां येईल. त्यांतील इंजिनास पाणी पाजणारा उंच नळ मीं वाफेची इंजिनें गेल्यावर मापें घेतलीं तेव्हां उरला नव्हता. आपल्याच धर्मग्रामांतील दोन निवृत्त फायरमन काकांस मीं विचारलें. एक म्हणाले, फलाटाच्या छिंदवाड्याकडील टोंकास. दुसरे म्हणाले, छे, नागपूरकडील टोंकास, कारण तेथें उभें राहून आपण पावसांत भिजलों आहों. दोघेही त्या लाइनीवर तीस तीस वर्षें होते, दोघांनीही आपला शब्द सोडला नाहीं, आणि पहिले काका गेल्या पावसाळ्यांत निवर्तले. नळ मीं तयार केला आहे. तो पेटींत कापसांत गुंडाळून ठेवला आहे. फलाटाच्या दोन्ही टोंकांस एकेक भोंक मात्र मोकळें आहे. आपणांपैकीं ज्या कोणीं त्या नळाखालीं कधीं घागर भरली असेल, डबा विसळला असेल, त्यांनीं चहा घेतां घेतां मला एका बाजूस बोलावून सांगावें. पेटी मीं बरोबर आणली आहे.