खोबरेल पातळ झालं की

(मुलुंड येथील व्याख्यानमालेत एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायला मिळाव्यात म्हणून. त्याच परंपरेतल्या व्यासपीठावर मी आज ‘तोंडाला काय लावावं’ हे सांगायला उभी आहे. आयोजकांचा आग्रह होता, तेव्हा पाप त्यांच्या माथी.

थंडी संपताना त्वचेची काळजी कशी बदलावी, हा विषय. आता मुंबईला थंडी असते का, इथपासून वाद आहे. असते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. याच वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली. सालं वेगळी आहेत, पण महिने बघा. जानेवारी आणि मार्च! पंचांगात वसंत चैत्रात लागतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पळस, पांगारा आणि काटेसावर त्याच्या आधीच फुलून जातात, आणि आपल्याला कळतं ते थेट घामोळं आल्यावर.

हे असं का होतं, ते शाळेच्या भूगोलात आपण शिकलोय. मतलई वारे आणि खारे वारे. थंडीत पूर्वेकडून, जमिनीवरून कोरडी हवा येते. तिच्यामुळे ओठ फुटतात, पोटऱ्यांवर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी हाच पूर्वेचा वारा असतो, आणि समुद्रावरचा वारा दुपारी कधीतरी आत शिरतो. ज्या दिवशी तो उशिरा येतो, त्या दिवशी पारा चढतो. वर्सोव्याला तो आधी पोहोचतो. आपण मुलुंडकर डोंगराच्या पलीकडे, त्यामुळे आपल्या वाट्याला उशिराच. म्हणजे सकाळी कोरडं, दुपारी भट्टी, संध्याकाळी चिकचिक, असे तीन ऋतू एका दिवसात. शिवाय नोकरी सीप्झमध्ये असेल तर एसीचा चौथा.

आता लोक काय करतात? एक तारीख ठरवतात. होळी जळली की थंडी गेली, क्रीम बंद. किंवा उलट, दिवाळीत आणलेला मोठा डबा संपायचाय म्हणून मार्चअखेरपर्यंत थापत राहतात. दुसऱ्या प्रकारचे पेशंट माझ्याकडे जास्त येतात. कपाळावर, पाठीवर बारीक पुरळ, आणि तक्रार अशी की ‘डॉक्टर, रक्त बिघडलंय’. रक्ताला काही झालेलं नसतं. पेट्रोलियम जेली किंवा जाड क्रीम त्वचेवर झाकणासारखं बसतं आणि आतलं पाणी उडू देत नाही. जानेवारीत हेच हवं असतं. मार्चमध्ये त्याच झाकणाखाली घाम कोंडतो, वर मेट्रोच्या आणि टॉवरच्या कामांची धूळ बसते, आणि केसांच्या मुळांशी फोड येतात.

मग बदलायचं केव्हा? माझं उत्तर तुमच्या बाथरूमच्या फळीवर आहे. खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तुम्ही ती बाटली गरम पाण्याच्या बादलीत बुडवता. ज्या आठवड्यात सकाळी उठल्यावर तेल आपलं आपण पातळ दिसायला लागेल, त्या आठवड्यात बदलायला सुरुवात करा. अंधेरीच्या बाटलीचा आठवडा वेगळा, बोरिवलीत जंगलाला लागून राहणाऱ्याचा वेगळा. पण आपल्या घरापुरतं हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं. त्या जाहिराती दिल्लीची थंडी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात.

‘सुरुवात करा’ म्हटलं, ‘बंद करा’ नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात ऋतुसंधी सांगितला आहे: जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला. या काळात जुनं हळूहळू सोडावं, नवं हळूहळू धरावं. मी ॲलोपॅथीची, पण इथे मला त्याच्याशी भांडायचं कारण दिसत नाही. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला महिनाभर लागतो, एका रात्रीत तिच्यावर हुकूम चालत नाही.

म्हणून क्रीम आधी कपाळ आणि नाकावरून काढा, तिथे तेलग्रंथी जास्त. गाल त्यानंतर. पोटऱ्या आणि टाचा सगळ्यात शेवटी. चेहऱ्याला जेल किंवा पातळ लोशन पुरतं. गीझर बंद करा, कडकडीत पाण्याने अंगावरचं तेल निघून जातं. ज्यांच्या सोसायटीत बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी येतं, त्यांना साबणाचा फेस होत नाही म्हणून जास्त साबण लावायची सवय लागते. ती सोडा. फेसवॉश दिवसातून दोनदा, बाकी वेळी नुसतं पाणी. घाम आला म्हणून दर तासाला चेहरा धुणाऱ्यांची त्वचा एकाच वेळी तेलकट आणि फुटलेली असते. मुलतानी माती आठवड्यातून एकदा तेलकट चेहऱ्याला चालेल. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन मिळून त्वचा भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

इथवर सगळं काढायचंच सांगितलं. वाढवायची एकच गोष्ट आहे, सनस्क्रीन. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांवर असतो. २१ मार्चला तो ७१ अंशांवर असतो, जवळजवळ डोक्यावरच. आणि आपला मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, तो मार्चमध्ये पाऊण वाजता होतो. डबा खाऊन शतपावलीला निघता, तेव्हा ऊन ऐन जोरात असतं. एसपीएफ ३० घ्या. ५० घेतलंत तर अडवणं ९७ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर जातं, इतकाच फरक. किमतीतला फरक तुम्हाला ठाऊक आहे. पण लावायचं किती? तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात.

वांगाच्या पेशंटला मी हमखास विचारते, लोकलमध्ये कुठे बसता? बोरिवलीहून चर्चगेटला गाडीच्या दिशेने तोंड करून बसलात तर सकाळचं ऊन डाव्या गालावर. संध्याकाळी परत येताना सूर्य पश्चिमेला गेलेला असतो आणि तुमचं तोंड उत्तरेला, म्हणजे पुन्हा डावाच गाल. विंडो सीट मिळाल्याच्या आनंदात हे कुणाच्या लक्षात येत नाही. वांग असेल तर रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या. त्यातलं लोहाचं ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्यानेही वाढतो.

चैत्र आला की हळदीकुंकू येतं, म्हणून टिकलीबद्दल. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंग तयार करणाऱ्या पेशी मारतं. आधी खाज, मग नेमका टिकलीएवढा पांढरा डाग. खाज सुटली की टिकली त्याच दिवशी बंद. आरशावर चिकटवून ठेवलेली तर नाहीच लावायची.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर हे निमंत्रण स्वीकारलं ती गोष्ट. घाम सुरू झाला की जांघेत, कमरेला, ब्लाउजच्या कडेला गजकर्ण उठतं. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडून एक ट्यूब येते, दोन दिवसांत खाज थांबते, आणि तीच ट्यूब शेजारणीला दिली जाते. त्यात स्टेरॉइड असतं. ते लाली आणि खाज दाबतं, बुरशी मात्र खाली निवांत पसरते. गोरं होण्यासाठी तीच ट्यूब चेहऱ्याला लावणाऱ्या मुली मी रोज बघते. कातडी पातळ झालेली, लाल शिरा दिसणाऱ्या, उन्हात पाऊल टाकलं की आग. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. बंदी आहे आणि ट्यूबही मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे. ट्यूबवर ‘बीटामिथासोन’, ‘क्लोबेटासोल’, ‘मोमेटासोन’ यातलं काही लिहिलं असेल, तर ती मनाने लावायची नाही. आधीच बरेच दिवस लावत असाल तर एकदम थांबवूही नका, चेहरा आणखी पेटतो. डॉक्टरांना दाखवून कमी करत आणा.

पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांना यातलं बरंचसं लागू नाही. साठीनंतर तेलग्रंथी मंदावतात, तुमच्या पोटऱ्या एप्रिलमध्येही कोरड्याच राहणार. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच क्रीम लावणं बारा महिने चालू ठेवा, सून हसली तरी.

प्रश्न जरूर विचारा. पण गजकर्ण दाखवायला कुणी बाही वर करू नका. या दिव्यांत मला काही दिसणार नाही, आणि शेजारी बसलेले उठून जातील.