फॉर्ममध्ये ‘पाणी’ हा ऑप्शनच नाही

आज जरा गावाकडचं बोलू. मी वाशिम जिल्ह्यातला, सध्या पुण्यात कोड लिहितो. गाव का सोडलं असं कोणी विचारलं, की मी सांगतो ‘जॉब’. आमच्या शेजारच्या तांड्यातले काका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेही ‘काम’च सांगतात. 2011 च्या जनगणनेत स्थलांतराची कारणं होती काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत आणि ‘इतर’. पाणी नाही. ड्रॉपडाउनमध्ये जे नाही, ते डेटामध्ये येणार कुठून?

आमच्याकडे पाऊस पडतच नाही असं नाही हं. खाली काळा बसाल्ट खडक आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात नि भेगांत, तेवढंच. सोयाबीन पावसावर निघतं. पुढे हरभऱ्याला विहिरीत पाणी असलं तर ठीक, नाहीतर मजुराच्या हाताला काम नाही. मग मुकादमाची उचल घ्यायची, घराला कुलूप लावायचं नि पोरांची शाळा मधेच सोडायची.

शेजारी अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिथं विहिरीत पाणी दिसतं, पण खारट. पिकाला द्यावं तर जमीन बिघडते. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. खाऱ्या विहिरीची बातमी कोण करतो?

त्याच वर्षी आमच्या मालेगाव तालुक्यातल्या कोळंबेश्वरचे बापूराव ताजणे बातम्यांत होते. दलित मजूर. बायकोला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, म्हणून त्यांनी एकट्यानं 40 दिवसांत विहीर खणली. रोजची मजुरी करून, त्यावर आणखी सहा तास. लोक हसले. पाणी लागलं. भारीच, पण ‘इन्स्पिरेशनल’ म्हणून हे फॉरवर्ड करताना मला जड जातं. गावात राहायला एवढं करावं लागत असेल, तर निघून गेलेल्यांना काय बोलणार?

आमच्या शेतात दोन बोअर कोरडे गेले. तिसऱ्याचे पैसे मी पुण्यातून पाठवले, त्यातूनही नुसता फुफाटाच निघाला. परवा बाबा फोनवर म्हणाले, “चौथा नको मारू. तिकडंच जरा मोठी खोली पाह्यून ठेव.”

ते आले, की त्यांच्या नावापुढे कारण लागेल ‘कुटुंबासोबत’.