मिटलेली मूठ आणि राखलेले मौन

(उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ध्यानशिबिराला जाऊन आलेल्यांची एक तक्रार आपल्या कानांवर वारंवार येते. मृत्यूनंतरची गती कोणती, डोळे मिटल्यावर दिसलेला प्रकाश कसला, ऋद्धी खरोखर प्राप्त होते काय, असे आचार्यांना विचारावे, तर ते मंद हसून म्हणतात, "श्वासाकडे लक्ष द्या." विचारणारा मनात म्हणतो, यांना ठाऊक नसावे, अथवा ठाऊक असून हे आम्हांपासून लपवीत असावेत.

यांतील दुसरी शंका आपणांस अधिक बोचते, आणि ती बोचावी हे योग्यच आहे. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानांत कथील व लाख वितळवून ओतावी, असे गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलेले आहे. ज्यांच्या वाडवडिलांना ज्ञानाच्या दारातून असे हाकलण्यात आले, त्यांनी 'हे तुम्हांला सांगावयाचे नाही' या वाक्याकडे संशयानेच पाहिले पाहिजे. म्हणून मी आचार्यांची वकिली करण्यास उभा नाही. त्यांचे मौन तपासून पाहावे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

भगवान बुद्ध अखेरच्या वर्षावासात वैशालीजवळील बेलुव ग्रामी आजारी पडले. आजारातून उठल्यावर त्यांनी आनंदाला सांगितले की, आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा असा धम्म मी शिकविला नाही. तथागताजवळ आचार्याची मिटलेली मूठ नाही. आणि याच बुद्धाने कौशांबीच्या शिंशपावनात मूठभर पाने हाती घेऊन भिक्षूंना विचारले होते, ही पाने अधिक की वनातली अधिक? मी जाणले ते वनातल्या पानांइतके आणि सांगितले ते हातातल्या पानांइतके, असे ते म्हणाले. तर मग ही विसंगती नव्हे काय?

वस्तुतः नाही. मिटलेल्या मुठीत काय आहे ते दिसत नाही, आणि ती का मिटली तेही कोणी सांगत नाही. शिंशपावनात मात्र हात उघडा होता. न सांगितलेले पुष्कळ आहे याची कबुली होती आणि कारणही तेथेच दिले होते, की जे सांगितले नाही ते दुःखनिरोधास उपयोगी नाही. मालुंक्यपुत्ताला सांगितलेली बाणाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे; ती पुन्हा सांगत नाही.

त्यापेक्षा विनयपिटकातील एक कथा ऐकावी, कारण तिचा संबंध पोटाशी आहे. वज्जींच्या देशात दुष्काळ पडला. वग्गुमुदा नदीच्या तीरावरील भिक्षूंनी उपाय काढला, की गृहस्थांपुढे एकमेकांची स्तुती करावी: अमुक भिक्षू ध्यानलाभी आहे, तमुक अर्हत आहे. लोकांनी स्वतःच्या व मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून त्यांना दिला. वर्षावास संपल्यावर इतर भिक्षू हाडे निघालेले असे आले, हे मात्र धष्टपुष्ट. चौकशीत सारे उघड झाले. न मिळविलेल्या सिद्धीचा दावा करून लोकांचे अन्न खाणाऱ्याला बुद्धांनी सर्वांत मोठा चोर म्हटले आणि असा खोटा दावा करणाऱ्यास संघातून कायमचे बाद करणारा नियम झाला. पण याहून मार्मिक गोष्ट पुढे आहे. दावा खरा असला, तरीही तो अनुपसंपन्न माणसापुढे सांगणे हा दोषच ठरविण्यात आला. म्हणजे मौनाचा नियम गुरूच्या पोटाला लावलेला लगाम होता. तो गुरूला गूढ वलय देण्यासाठी केलेलाच नव्हता.

दुसरे कारण साधकाच्या मनाचे आहे. ब्रह्मदेशातील महासी सयाडो यांनी विपश्यनेतील ज्ञानांच्या पायऱ्या क्रमाने वर्णिल्या. परंतु ती पुस्तिका आरंभी साधना बऱ्यापैकी पार पाडलेल्यांसाठीच होती. न्यानपोनिक थेरांचे तिचे इंग्रजी भाषांतर १९६५ साली निघाले. असे का, हे आपल्या खेड्यांतील माणसाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जत्रेत एकीचे घुमणे पाहून दुसरीच्या अंगात येते. पुढली खूण आधी सांगितली की मन ती उत्पन्न करते. बुद्धघोषाचार्यांनी 'विसुद्धिमग्गा'त ध्यानात दिसणाऱ्या प्रकाशाला विपश्यनेच्या दहा उपक्लेशांत घातले आहे, कारण तो पाहून साधक स्वतःला पोहोचलेला समजतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर साधकांना दहाव्या दिवसापर्यंत आपसांत बोलू देत नाहीत. तेथेही अनुभवांची तुलना टळते, हा त्याचा एक लाभ आहे.

येथपर्यंत मौन समर्थनीय आहे. पण याच पायऱ्यांत भयाचे ज्ञान नावाची एक पायरी आहे, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती पायरी आहे हे ठाऊक नसेल तर त्याला आपण वेडे होत आहोत असे वाटते. २०१७ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भय, घबराट यांसारखे त्रासदायक अनुभव नोंदलेले आहेत. अशा ठिकाणी आचार्य गप्प राहिला तर मी त्याला दोष देईन. सिद्धीची खूण सांगू नये, धोक्याची खूण मात्र अवश्य सांगावी. मानसिक उपचार चालू असलेल्या मनुष्याला शिबिरात घेण्यापूर्वी विचारपूस करावी आणि गरज पडल्यास त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. 'श्वासाकडे लक्ष द्या' हे तेथे उत्तर नव्हे.

तेव्हा आचार्य गप्प राहिले की दुसरा प्रश्न विचारावा: आपण गप्प का? जो चारचौघांत कारण सांगतो, त्याचा हात उघडा आहे. 'अधिकार आला की कानात सांगेन' असे म्हणून जो दक्षिणेकडे पाहतो, त्याच्यापासून उठून यावे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणाऱ्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे. राजगृहात कायदा नव्हता. तेथील श्रेष्ठीने उंच टांगलेले चंदनाचे पात्र पिंडोल भारद्वाजाने ऋद्धीने उतरवून आणले, अशी कथा आहे. ऋद्धीवर विश्वास ठेवणे न ठेवणे आपल्याकडे. बुद्धांनी मात्र त्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली, ते पात्र फोडावयास लावले, आणि त्याचे तुकडे अंजनात घालण्यासाठी उगाळावयास भिक्षूंना वाटून दिले.