अरण्यांतील पक्ष्यांचें वजन

अरण्याचें वर्णन बहुधा त्याच्या भव्यतेवरून केलें जातें. गगनाला भिडणारे वृक्ष, त्यांना बिलगलेल्या वेली, पहाटेचा पक्ष्यांचा कल्लोळ, हीं वर्णनें खोटीं नसतात. परंतु त्यांवरून एका महत्त्वाच्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. ज्या अरण्यावर कुऱ्हाड चाललेली नाहीं, जेथें नांगर गेलेला नाहीं, तें अरण्य आज पूर्वी होतें तसेंच आहे काय? पाहणाऱ्याला तें तसेंच दिसतें. वृक्ष उभे असतात, पक्षी बोलत असतात. मात्र दर वर्षीं केसाएवढा होणारा बदल डोळ्यांना दिसत नाहीं, आणि अशा बाबतींत माणसाच्या स्मरणावर तर मुळींच भरंवसा ठेवतां येत नाहीं. तो बदल पकडावयाचा तर तराजू आणि मोजपट्टी हातीं घेऊन वर्षानुवर्षें एकच काम एकाच पद्धतीनें करीत राहावें लागतें. दक्षिण अमेरिकेंतील अॅमेझॉनच्या अरण्यांत असें काम चाळीस वर्षें चाललें, आणि त्यांतून जें निष्पन्न झालें तें लक्षपूर्वक ऐकण्याजोगें आहे.

ब्राझील देशांत मानाउस नांवाचें शहर आहे. काळ्या पाण्याची रिओ नेग्रो आणि गढूळ पाण्याची सोलिमोइस या दोन प्रचंड नद्यांचा संगम त्याच्याजवळच होतो. या शहराच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर १९७९ सालीं थॉमस लव्हजॉय या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांनीं ब्राझीलच्या राष्ट्रीय अॅमेझॉन संशोधन संस्थेच्या सहकार्यानें एक मोठा प्रयोग आरंभिला. त्या भागांत गुरांच्या कुरणांसाठीं जंगल तोडलें जात होतें. तोड चालूं असतां १, १० आणि १०० हेक्टर अशा ठराविक आकारांचे तुकडे मध्यें राखून ठेवावे, आणि जंगल किती लहान झालें म्हणजे त्यांतील जीवसृष्टि ढासळूं लागते हें पाहावें, असा त्यांचा हेतु होता. तुकड्यांशीं तुलना करण्यासाठीं शेजारच्या अखंड जंगलांतील पक्षीहि मोजणें क्रमप्राप्तच होतें. ज्याची नोंद केवळ तुलनेपुरती ठेवावयाची, तें अखंड जंगलच पुढें एका निराळ्या खटल्यांतील मुख्य साक्षीदार ठरलें.

पक्षी मोजावयाचा म्हणजे प्रथम तो हातीं यावयास पाहिजे. त्यासाठीं अतिशय तलम धाग्याचें, सुमारें १२ मीटर लांबीचें जाळें माणसाच्या उंचीहून थोडें अधिक उंच असें उभें ताणतात. अरण्याच्या तळाशीं उजेड इतका मंद असतो कीं हें जाळें पक्ष्याला दिसत नाहीं; तो त्यावर येऊन आदळतो आणि जाळ्याच्या सैल झोळींत अलगद पडतो. माणसें ठराविक वेळानें फेरी घालून अडकलेला पक्षी सोडवितात व कापडी पिशवींत ठेवतात. नंतर त्याच्या पायांत क्रमांक कोरलेलें अॅल्युमिनियमचें हलकें कडें घालतात. हें कडें म्हणजे त्या पक्ष्याचें जन्मभराचें नांव होय. पक्ष्यांना अशीं कडीं घालण्याची पद्धतशीर प्रथा डेन्मार्कमध्यें हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सेन या शिक्षकानें १८९९ सालीं सुरू केली.

मग पिशवीसह पक्षी तराजूला टांगून व पिशवीचें वजन वजा करून पक्ष्याचें वजन काढतात. पंख मिटलेल्या स्थितींत त्याच्या मनगटाच्या सांध्यापासून सर्वांत लांब पिसाच्या टोंकापर्यंत लांबी मोजतात. पिसें झडून नवीं येत आहेत काय, त्वचेखालीं चरबी किती, पक्षी प्रौढ कीं कोवळा, याचीहि नोंद होते. तेवढें झालें कीं त्याला सोडून देतात, आणि क्षणार्धांत तो आपल्या झाडींत दिसेनासा होतो.

हें सर्व ऐकण्यास सोपें वाटतें, पण त्यांतील प्रत्येक मापाविषयीं शंका घेतां येते. सकाळीं उपाशी असलेला पक्षी पोट भरल्यावर जड भरतो. अंडें घालण्याच्या सुमारास मादीचें वजन वाढतें. पिसाचें टोंक झिजलें म्हणजे पंख आंखूड भरतो. पंख दाबून सपाट केला तर त्याचें माप अधिक येतें, आणि त्याचा नैसर्गिक बांक तसाच राखला तर कमी येतें. म्हणून मोजणाऱ्या सर्वांनीं एकच रीत कसोशीनें पाळावी लागते. या कारणानें एका पक्ष्याच्या एका मापाला फारसा अर्थ नसतो. परंतु रीत एकच राहिली, मापें हजारोंनीं जमलीं आणि प्रत्येकाजवळ दिवस व ऋतु यांची नोंद असली, म्हणजे योगायोगाचे चढउतार एकमेकांना कापतात आणि त्यांच्याखालीं दडलेली दिशा वर येते.

येथें कोणी विचारील कीं जगांतील संग्रहालयांत पक्ष्यांचे हजारों नमुने पेंढा भरून ठेवलेले आहेत, ते मोजले तर काय बिघडलें? मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीजवळहि असा मोठा संग्रह आहे, आणि अशा संग्रहांचें मोल थोर आहे यांत शंका नाहीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘अॅव्होनेट’ नांवाच्या संकलनांत ११,००९ जातींच्या ९०,०२० पक्ष्यांच्या चोंची, पंख, पाय व शेपट्या यांचीं मापें एकत्र केलेलीं आहेत, व त्यांतील मोठा भाग संग्रहालयांतील नमुन्यांवरूनच घेतलेला आहे. पक्ष्याच्या चोंचीवरून त्याच्या आहाराचा आणि पंखावरून त्याच्या उड्डाणाचा पुष्कळसा अंदाज त्यांतून बांधतां येतो. परंतु वाळलेल्या कातड्याला त्याचें जिवंतपणींचें वजन विचारतां येत नाहीं. तें त्या वेळीं कोणीं चिठ्ठीवर लिहून ठेवलें असेल तरच कळावयाचें. शिवाय संग्रहालयांतील पक्षी एकदांच मोजला जातो; रानांतील कड्याचा पक्षी पुढील वर्षीं पुन्हा जाळ्यांत येऊन आपण जिवंत असल्याची साक्ष देतो.

मानाउसच्या अखंड जंगलांतील अशा नोंदींचा हिशेब नोव्हेंबर २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ७७ जातींच्या १५,००० हून अधिक पक्ष्यांचीं मापें होतीं. हे सारे पक्षी बारमाही तेथेंच राहणारे, ऋतूबरोबर देशांतर न करणारे. तेव्हां परदेशांत कोठें त्यांचे हाल झाले असतील असें म्हणण्यास जागा नव्हती. निष्कर्ष असा निघाला कीं १९८० च्या सुमारापासून या ७७ पैकीं प्रत्येक जातीचें सरासरी वजन घटलें आहे. जवळजवळ निम्म्या जातींच्या बाबतींत ही घट संख्याशास्त्राच्या कडक कसोटीलाहि उतरली. जो पक्षी त्या काळीं सरासरीनें ३० ग्रॅम भरत असे, तो आतां सुमारें २७.६ ग्रॅम भरतो. सोनाराच्या भाषेंत सांगावयाचें तर अडीच तोळ्यांच्या जिवांतून सुमारें वीस गुंजा कमी झाल्या. आणखी आश्चर्य असें कीं एक तृतीयांश जातींचे पंख याच काळांत लांब झाले. अंग हलकें आणि पंख लांब, असा हा बदल आहे.

याचें कारण काय असावें? त्या प्रदेशांतील हवा १९६६ पासून तापत गेलेली आहे. पावसाळ्यांत सुमारें १ अंश आणि कोरड्या ऋतूंत सुमारें १.६५ अंश सेल्सियस इतकी ती वाढ आहे. शिवाय पावसाळा अधिक ओला व कोरडा ऋतु अधिक कोरडा झाला आहे. उष्ण रक्ताच्या प्राण्यांविषयीं कार्ल बर्गमान या जर्मन शास्त्रज्ञानें १८४७ सालीं एक नियम मांडला. थंड प्रदेशांत राहणारे प्राणी उष्ण प्रदेशांतील आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षां सामान्यतः आकारानें मोठे असतात, असें त्याचें म्हणणें. त्यामागील तत्त्व स्वयंपाकघरांत रोज दिसतें. हंड्यांतला भात बराच वेळ गरम राहतो, पण त्यांतलाच वाटीभर भात लवकर निवतो. शरीर लहान असलें म्हणजे त्याच्या वजनाच्या मानानें त्वचेचें क्षेत्र अधिक असतें, व उष्णता बाहेर पडणें सुलभ होतें.

पंखांचेंहि गणित असेंच आहे. लावा पक्ष्याचें अंग जड आणि पंख आंखूड. उडतांना त्याला पंख जोरजोरानें फडफडवावे लागतात. घार मात्र आपल्या लांबरुंद पंखांवर अंगाचा भार टाकून सहज तरंगते. पंखाच्या मानानें वजन जितकें कमी, तितके उडण्याचे श्रम कमी, आणि श्रमांमुळें अंगांत उत्पन्न होणारी उष्णताहि कमी. मानाउसच्या ७७ जातींपैकीं ६९ टक्के जातींत वजन व पंख यांचें हें प्रमाण घटलेलें आढळलें. जमिनीलगतच्या दाट सावलींत वावरणाऱ्या पक्ष्यांपेक्षां जे थोडे वरच्या थरांत, अधिक ऊन व कोरडी हवा सोसून राहतात, त्यांच्यांत बदल अधिक ठळक होता. उष्ण व बेभरंवशाच्या हवेंत शक्ति काटकसरीनें वापरण्याकडे हा कल आहे, असा संशोधकांनीं अर्थ लावला.

अशीच दिशा फार दूरच्या एका नोंदींतहि दिसते. अमेरिकेंतील शिकागो शहरांत उंच इमारतींच्या कांचांवर आदळून मेलेले स्थलांतरी पक्षी तेथील फील्ड संग्रहालयानें १९७८ ते २०१६ पर्यंत गोळा करून मोजले. ५२ जातींच्या ७०,७१६ पक्ष्यांच्या त्या मापांत पायाचें हाड सुमारें अडीच टक्क्यांनीं आंखूड झालेलें आणि पंख एक टक्क्याहून थोडे अधिक लांब झालेले आढळले. प्रदेश वेगळा, पक्षी वेगळे, जीवनक्रमहि वेगळा. पण कल तोच.

तथापि मापांनीं सर्व उलगडा केला असें मानूं नये. मानाउसच्या अभ्यासांत असेंहि दिसलें कीं पक्ष्यांच्या अंगांतील चढउतार तपमानापेक्षां पावसाच्या ऋतुमानाशीं अधिक जुळतात. पाऊस बदलला म्हणजे किडेमुंग्यांचें मान बदलतें, आणि हेच या पक्ष्यांचें अन्न. तेव्हां घटलेलें वजन ही पिढ्यांमागून पिढ्यांनीं बाणवलेली सोय आहे कीं नुसती उपासमार, याचा निवाडा एकट्या तराजूला करतां येत नाहीं. येथें पायांतील कड्याचा उपयोग होतो. कोणता पक्षी पुन्हा सांपडला व कोणता सांपडला नाहीं, या नोंदींवरून ते किती काळ जगतात हें काढतां येतें. २०२५ सालीं याच अरण्यांतील २९ जातींचा असा हिशेब प्रसिद्ध झाला. कोरडा ऋतु कडक झाला म्हणजे त्यांपैकीं २४ जातींच्या जगण्याचें प्रमाण घटतें, असें त्यांत दिसून आलें. म्हणजे अंग हलकें करून पक्षी बदलत्या हवेशीं जुळवून घेत असतील, तरी तें जुळवून घेणें पुरेसें पडत आहे असें म्हणतां येत नाहीं.

अरण्याभोंवतीं कुंपण घातलें, तोड थांबविली, शिकार बंद केली, म्हणजे आंतील जीव सुरक्षित झाले, अशी समजूत दीर्घकाळ होती. तीं कामें आवश्यकच आहेत. त्यांवांचून मोजण्यास पक्षीच उरणार नाहीं. परंतु कुंपणाला हवा अडवितां येत नाहीं. दूरच्या शहरांत जळणाऱ्या इंधनाचा ताप निर्मनुष्य रानांतील दोन-अडीच तोळ्यांच्या पक्ष्यापर्यंत पोंचतो.

लव्हजॉय २५ डिसेंबर २०२१ रोजीं निवर्तले. चाळीस वर्षांचा तो हिशेब त्यापूर्वी थोडेच दिवस प्रसिद्ध झाला होता व त्याच्या लेखकांत त्यांचेंहि नांव होतें. ज्यांनीं पहिल्या वर्षांत पिशवींतले पक्षी तोलले, त्यांनीं हा प्रश्न मनांत धरलेला नव्हता. त्यांनीं केवळ वजन घेतलें, पंख मोजला, कड्याचा क्रमांक लिहिला आणि पक्षी सोडून दिला. त्या वेळीं जें लिहिलें गेलें तेवढ्याच्याच आधारें आज उत्तर देतां आलें. जें लिहिलें गेलें नाहीं तें आतां कोणत्याहि यंत्रानें मोजतां येणार नाहीं. यासाठीं आजहि पहांटे कोठेंतरी जाळें ताणलें गेलें पाहिजे, आणि वहींत एक ओळ लिहिली गेली पाहिजे.