टॉफी आणि पाण्याचा हिशेब

ज्या घरात दाण्याची चिक्की होते, त्या घरात चॉकलेटची टॉफी व्हायला काहीच अडचण नाही. दोहोंचे मर्म एकच, ते म्हणजे पाक. आणि पाकाचे मर्म म्हणाल, तर पाण्याचा हिशेब. तो एकदा कळला की कृती पाठ करावी लागत नाही.

साखरेचे पाणी उकळत ठेवले म्हणजे पाण्याची वाफ होऊन जाते आणि पाकाचे उष्णमान चढत जाते. लाडवाचा एकतारी पाक सुमारे 105 अंश सेल्सिअसला होतो, गोळीबंद पाक 115 ला, तर टॉफीचा कडक पाक 150 च्या आसपास. तिथवर पोहोचलेल्या पाकात शेकडा एखादाच भाग पाणी उरते. म्हणून टॉफी दाताखाली कट्कन मोडते. पाणी जास्त राहिले, तर तीच दाताला चिकटून बसते.

आता साहित्य ऐका. साखर 200 ग्रॅम, तेवढेच लोणी, भाजून सोललेल्या दाण्यांच्या पाकळ्या 100 ग्रॅम, चॉकलेट 100 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. लोणी घरचे असेल तर धुऊन ताक काढून टाका. आपण विचाराल, तूप का नको? लोण्यात दुधाचा जो अंश असतो, त्यानेच टॉफीला खमंग वास आणि तपकिरी रंग येतो. तुपात तो उरत नाही; शिवाय तूप पाकापासून सुटून वेगळे तरंगते.

दाणे मात्र नीट निवडून घ्यावेत. ओलीत राहिलेल्या दाण्यांवर बुरशी धरते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. 1960 साली इंग्लंडमध्ये असल्या पेंडीने लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. भाजल्याने ते पुरते जात नाही. बुरसलेला, काळपट, सुरकुतलेला दाणा सरळ टाकून द्यावा.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी, साखर, मीठ आणि दोन चमचे पाणी घालून मध्यम आचेवर ढवळत राहा. आच एकदम वाढवू नका, नाहीतर लोणी फुटते. रंग बदामी झाला की थेंबभर पाक वाटीतल्या गार पाण्यात टाका. थेंब वाकला तर थोडे थांबा. काचेसारखा मोडला तर पाक झाला. शिक्षक बंधुभगिनींनी एक गंमत ध्यानात घ्यावी. महाबळेश्वरी पाणी शंभराच्या चार-पाच अंश आधीच उकळते. म्हणून तिथे उष्णतामापकाचा आकडाही तेवढा कमी धरावा लागतो. थेंबाची परीक्षा मात्र कोकणात आणि घाटावर सारखीच!

पातेले उतरवून दाणे मिसळा आणि मिश्रण तूप लावलेल्या ताटात पसरा. दोन मिनिटांनी वर चॉकलेटचे तुकडे पेरा. वेगळी आच नको; चॉकलेटातले कोकोचे लोणी 34 अंशांच्या सुमारास वितळते, तेव्हा टॉफीची ऊबच पुरते. मग सुरीने सारखे करा. सुरी मात्र कोरडी हवी. पाण्याचा थेंब लागला की त्यातली साखर आणि कोको एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेट आखडते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा पाक उकळत्या पाण्याहून 50 अंश अधिक तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो. मुलांना चुलीपासून दूर बसवूनच दाखवा. कोणाला चटका बसलाच, तर चिकटलेला पाक ओढून काढू नका. त्या जागी वीस मिनिटे गार पाण्याची धार धरा. तेल, हळद, दंतमंजन काही लावू नका. भाजणे मोठे असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

टॉफी निवून घट्ट झाली की तुकडे करून झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. पावसाळ्यात हवेतले पाणी ती ओढून घेते आणि चिकट होते. अर्थात, घरात मुले असली तर टॉफी तेवढे दिवस उरेल, असे काही मला वाटत नाही.