संगणकीय आरेखन आणि स्वतंत्र व्यवसाय



रंधा व पटाशी यांवर आपल्या सुतार ज्ञातीचा संसार चालत आला. 1982 साली ऑटोकॅड निघाले आणि आरेखनाचे काम हळूहळू संगणकावर गेले. आज आपला तरुण घरी बसून परगावच्या कारखान्यास नकाशे पुरवू शकतो. फ्रीकॅड तर विनामूल्य मिळते. चोरीची प्रत वापरण्याचे कारणच नाही. मात्र 18 मिलिमीटरच्या प्लायला दोन्ही अंगांनी एकेक मिलिमीटर सनमायका चढला की खणाचे माप चुकते, ही जाण वडिलांच्या हाताखालीच येते. ती आधी मिळवावी. काम घेताना मोबदला, मुदत व दुरुस्त्यांची मर्यादा लेखी ठरवावी. काही रक्कम आगाऊ घ्यावी. भिडेपोटी फुकट राबण्यास आम्ही औदार्य म्हणत नाही.